वाड्यात आत येऊन पाहणाऱ्या इंजिनिअर साहेबांना

मा. कनिष्ठ अभियंता साहेब,
स. न. वि. वि.

दर मे महिन्यात आमच्या वाड्याच्या दारावर महापालिकेचा कागद चिकटायचा. इमारत धोकादायक आहे, तात्काळ खाली करा, दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार राहणार नाही. चिकटवणाऱ्यानं कधी उंबरा ओलांडला नाही. न बघताच ‘सी-1’ म्हणजे पाडा असा शेरा! मालकाला तेच पाहिजे. जुन्या भाड्याचा भाडेकरू कोर्टातून लवकर निघत नाही, माळवद, म्हणजे लाकडावरचं मातीचं सपाट छप्पर, बसलं की आपोआप निघतो.

तुम्ही मात्र पेचकस घेऊन आत आलात. तुळईचं भिंतीत गेलेलं तोंड टोचलंत, तर दांडीपर्यंत आत. बाहेरून सागवान ठणठणीत, आत वाळवीचा भुगा. तुळईचा मधला भाग वाऱ्यावर असतो, तोंड मातीत गाडलेलं, म्हणून ओल तिथंच मुरते. वर गळती थांबवायला मालकाचा माणूस दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर टाकून जायचा. फूटभर जाडीची माती चौरस मीटरला 450 ते 500 किलो भरते, भिजली की आणखी. तो थर म्हणजे दुरुस्ती नव्हे, बोजा, हे तुम्ही मालकाला तोंडावर सांगितलंत. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असलीच माळवदं माणसांवर आली, हे मराठवाड्यात राहून ज्याला सांगावं लागतं त्याला काय म्हणावं?

शेरा बदलून ‘सी-2ए’ केलात: तेवढा भाग रिकामा करून दुरुस्ती. महापालिका कायद्याच्या कलम 264 ची नोटीस मालकाच्या नावे निघाली आणि तो हलला. आधी टेकू, तेही खाली जाड फळी घालून, वर पाचर ठोकून. मग माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची, एकीकडूनच काढली तर तुळई कलंडते. गवंड्याला हे सांगायला तुम्ही जातीनं उभे राहिलात.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. खोल्या सोडा म्हणण्याआधी तुम्ही टेप काढली आणि तिचं एक टोक मागच्या खोलीतल्या मावशींच्या हातात दिलंत. प्रत्येक खोलीचं चटई क्षेत्र, राहणाऱ्याचं नाव, खाली सही-शिक्का, आणि एकेक प्रत हातात. “मावशी, परत येताना हा कागद दाखवायचा,” एवढंच बोललात. मावशींनी तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. हा कागद हातात नसला की दुरुस्तीनंतर कुलूप मालकाचं, हे जुन्या गावातले भाडेकरू जाणतात. तो मागितल्याशिवाय देणारा माणूस सरकारी खुर्चीत असतो, यावर विश्वास बसायला आम्हाला जरा वेळच लागला.

पलीकडच्या गल्लीतल्या दोन वाड्यांच्या पाठभिंतीला पोट आलंय. पावसाआधी तिकडंही एक चक्कर टाका, साहेब. चहा आमच्याकडे.

आपले,
वाड्यातले सगळे भाडेकरू