परदेशी शस्त्रक्रिया शिबिरांना आळाही हवा आणि आधारही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

महोदय,

सादर नमस्कार. मी मूळची खानापूर तालुक्यातील असून बेळगाव शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. मध्यंतरी एका स्वयंसेवी संस्थेच्या तुकडीबरोबर मी युगांडातील एका जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया शिबिरासाठी जाऊन आले. आमच्या भागातून अशा थोड्या दिवसांच्या सेवेसाठी जाऊ इच्छिणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ पुष्कळ आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला परदेशी जाण्यासाठी परवानगी लागते हे खरे, परंतु त्या परवानगीत तो कोठे आणि किती दिवस जाणार एवढेच पाहिले जाते. तेथे कोणावर कोणते उपचार होणार आणि तुकडी परतल्यावर त्या रुग्णांकडे कोण पाहणार, हे कोणी विचारत नाही. खासगी नोकरीत असलेल्यांना तर तेवढेही कोणी विचारत नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे हर्निया आणि हायड्रोसीलच्या (अंडकोशात पाणी साठण्याच्या) शस्त्रक्रिया चालू होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची गाडी एंटेबी विमानतळाकडे निघाली, तेव्हा आदल्या दिवशीच्या रुग्णांचे ड्रेसिंग एकदाही उघडून पाहिलेले नव्हते. पुढची मलमपट्टी, ताप आला तर औषध, जखम चिघळली तर पुन्हा टाके, हा सारा भार तेथील क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टरची पदवी नसलेले, पण उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी) आणि वॉर्डातील परिचारिकांवर पडला, आणि त्यांच्या हाती नोंद म्हणून होत्या त्या आमच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील चार ओळी. युगांडाच्या सरकारी रुग्णालयांतील शुल्क 2001 साली रद्द झाले आहे. म्हणजे आम्ही फुकट उपचार नेले असे म्हणण्यातही फारसा अर्थ नव्हता, तेथे कमतरता होती ती हातांची आणि साहित्याची. साहित्याची कथा अशी की, आम्ही भेट दिलेल्या सक्शन मशीनची पिन आपल्याकडची गोल आणि तेथील सॉकेट ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिनांचे. अॅडॅप्टर कोणीच आणलेला नसल्यामुळे, समारंभात हार घातलेले ते मशीन भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. औषधांच्या काही खोक्यांवरची मुदत तर दोन-तीन महिन्यांवर आलेली होती. दान केलेले औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना दंडक आहे.

संमतिपत्रे इंग्रजीत होती आणि त्यांखाली अंगठे होते. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण मराठी बोलणाऱ्या बाईपुढे कन्नड किंवा इंग्रजी कागद ठेवायचा, नातेवाइकाने “कर गं सही” म्हणायचे आणि तिने ती करायची, हे मी येथे नेहमी पाहते. (हे मी सीमाप्रश्नाच्या अंगाने लिहीत नाही, तो 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पोट कापण्याआधी काय कापणार हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे, एवढेच माझे म्हणणे आहे.)

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, राज्यातून जाणाऱ्या प्रत्येक तुकडीने यजमान रुग्णालयाचे लेखी निमंत्रण, आम्हाला नेमके काय हवे याच्या त्यांनी केलेल्या यादीसह, आरोग्य खात्याकडे सादर करावे; शेवटचे तीन दिवस नवी शस्त्रक्रिया करू नये; आणि प्रत्येक रुग्णाचा पूर्ण कागद तेथील डॉक्टरांच्या हाती देऊनच निघावे. निरोप समारंभांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव हमखास घेतले जाते. ते 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेथील भाषा शिकले आणि 1942 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. दहा दिवसांच्या फेरीला ते नाव लावताना थोडा संकोच वाटायला हवा.

दुसरी मागणी आधाराची आहे. या तुकड्यांत शल्यचिकित्सकांना मान असतो, परंतु आपल्या जिल्ह्याकडे जगाला देण्यासारखे जे आहे, ते पुष्कळदा उपकेंद्रातील एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) भगिनींच्या हाती असते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांत झाला आणि 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात 1620 स्त्रिया होत्या, गोळ्या दिल्या त्या एएनएमनी, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. घरच्या आणि उपकेंद्रातील प्रसूतींत मिळालेला हा अनुभव आफ्रिकेतील सुईणींना आणि परिचारिकांना शिकवण्यासाठी यांच्याहून योग्य कोण? पण एएनएमला अशी रजा मागण्याची सोयच नाही. मी स्वतः बिनपगारी रजेवर गेले, आणि प्रवासासाठी लागणाऱ्या पीतज्वराच्या लशीसाठी गोव्यातील मुरगाव बंदर गाठले. विशेष सेवा रजा, नोंदणीची कागदपत्रे बेळगावातच मिळण्याची व्यवस्था आणि प्रवासखर्चाचा काही वाटा, एवढे खात्याने केले तरी पुरे.

“घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे,” असे यावर आपले अधिकारी म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळी, कोंगळा या गावांतून पावसाळ्यात रुग्णाला अजून खांद्यावरून आणावे लागते. त्यासाठी अट घालावी: जितके दिवस परदेशी सेवा, तितकेच दिवस त्याच वर्षी जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यातील सरकारी केंद्रांत, आणि तेही पावसाळ्यात. ज्याला ही अट जाचक वाटेल त्याने शिबिराला जाऊ नये.

सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावी याल, तेव्हा या दोन्ही मागण्यांवर खात्याने काय ठरवले ते सभागृहात सांगावे, आणि नियम करण्याआधी जिल्ह्यातील एएनएम व ऑपरेशन थिएटरमधील परिचारिकांची एक बैठक घ्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक परिचारिका