लाळेच्या अहवालावरून शाखा ठरवू नका

महोदय,

दहावीच्या निकालानंतर माझ्या एका विद्यार्थ्याच्या पालकांनी त्याच्या लाळेची ‘डीएनए चाचणी’ करून घेतली. अहवालात गणिताची उपजत क्षमता ‘मध्यम’ असे आले आणि विज्ञान शाखेचा विषयच घरात बंद झाला. हा मुलगा तीन वर्षे माझ्या वर्गात होता. अडलेले गणित सुटेपर्यंत तो मधल्या सुट्टीतही जागचा उठत नसे.

२०२२ मध्ये सुमारे ३० लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून काढलेल्या गुणांकाने, म्हणजे अनेक जनुकीय फरकांची बेरीज करून मिळणाऱ्या आकड्याने, माणसे किती शिकतात यातला जेमतेम १२ ते १६ टक्के फरक उलगडला, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतर वंशांत हे भाकीत आणखी दुबळे ठरते. त्यात घरच्या परिस्थितीचा वाटा मिसळलेला असतो, तो वेगळाच. मग साताऱ्याच्या एका मुलाची कुवत त्यावरून कशी सांगणार? जन्मजात बहिरेपणासारख्या बाबतीत जनुकीय तपासणी जरूर करावी, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने.

७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच साताऱ्यातल्या शाळेत दाखल झाले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाने त्यांना वर्गात वेगळे बसवले होते, हे आपण इतक्यात विसरलो का?

शिक्षण विभागाने शाळांच्या आवारात अशा चाचण्यांच्या जाहिरातींना मज्जाव करावा. मुलांचे नमुने आणि माहिती पुढे कुठे जाते, याचाही जाब कंपन्यांना विचारावा.

– एक गणित शिक्षिका, सातारा