मित्रास पत्र : मूल घरीच राहावे म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इतकी वर्षे बालसंरक्षणात, मुलांच्या मारहाणीच्या व हेळसांडीच्या तक्रारींच्या चौकशीच्या बाजूने काम केल्यावर तू आता कुटुंब सहाय्याच्या नव्या विभागाची जबाबदारी घेतो आहेस, हे वाचून आनंद झाला. ‘घराबाहेर काढाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या लवकरात लवकर कमी करून दाखवा’ अशी वरिष्ठांची अपेक्षा असल्याचे तू लिहितोस आणि हे साधेल का, असे विचारतोस. साधू शकते, पण त्याच एका आकड्याच्या मागे लागलास तर बहुधा साधणार नाही. असे का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

१९७४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, टकोमा येथे ‘होमबिल्डर्स’ हा उपक्रम सुरू झाला, हे तुला ठाऊक असेलच. मूल घराबाहेर काढण्याची वेळ येऊन ठेपलेल्या कुटुंबाबरोबर एका कार्यकर्त्याने चार ते सहा आठवडे कसून काम करायचे, एका वेळी दोनच कुटुंबे हाताशी घ्यायची आणि रात्री-अपरात्री हाक आली तरी जायचे, अशी त्याची रीत होती. बहुतेक मुले घरीच राहिली असे सुरुवातीचे आकडे सांगत होते, त्यामुळे इतर राज्यांनीही ही पद्धत उचलली. पुढे इलिनॉय राज्याने याच विचाराचा एक मोठा कार्यक्रम राबवला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नीट तपासणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुटुंबांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला ही मदत दिली, दुसऱ्याला नेहमीचीच सेवा दिली. मुले घराबाहेर जाण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही. मदत वाया गेली असा अर्थ अनेकांनी काढला, पण खरी मेख वेगळीच होती. मदत न मिळालेल्या गटातलीसुद्धा फारच थोडी मुले घराबाहेर काढली गेली होती. म्हणजे ‘वाचवलेली’ म्हणून मोजलेली बहुतेक मुले मुळात जाणारच नव्हती.

तुझ्या वरिष्ठांपुढे सगळ्यात आधी हे मांड. जी कुटुंबे सहज सहकार्य करतात, वेळेवर भेटतात आणि कागदोपत्री सुधारणा दाखवतात, तीच निवडण्याचा मोह प्रत्येक नव्या विभागाला होतो, आणि वर्षअखेरीचा अहवाल त्यामुळे झकास दिसतो. अवघड घरे मात्र जुन्याच रांगेत उभी राहतात.

‘मग काठावरच्या मुलांचे काय?’ असे तू विचारशील. त्याच इलिनॉयमधील नोंदी वापरून जोसेफ डॉयल या अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे प्रकरणे अधिकाऱ्यांकडे पाळीपाळीने जात. काही अधिकारी मूल चटकन काढत, काही थांबून पाहत; त्यामुळे सारख्याच परिस्थितीतल्या मुलांची वाट कोणत्या टेबलावर फाईल पडली यावर ठरे. ज्यांच्याबाबत निर्णय कोणत्याही बाजूला झुकू शकला असता, अशा मुलांपैकी जी घरीच राहिली त्यांची पुढची वाटचाल, विशेषतः वयाने थोड्या मोठ्या मुलांची, अधिक बरी झाली. गुन्ह्यांत सापडण्याचे आणि अल्पवयात आई होण्याचे प्रमाण कमी, कमाई अधिक. चौकशीच्या टेबलावर तू इतकी वर्षे बसला आहेस, तेव्हा या पाळीपाळीच्या खेळाबद्दल मी वेगळे काही सांगायला नको. ज्यांना घरी उघड धोका होता अशा मुलांबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही, एवढे मात्र विसरू नकोस; वाद घालताना तो सोयीपुरता ताणला जातो.

आता खऱ्या कामाकडे वळतो. तुझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत मारहाणीपेक्षा हेळसांडीच्या तक्रारी कितीतरी अधिक असतील. अमेरिकेत दरवर्षी ज्या मुलांबाबत तक्रार खरी ठरते, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांची हेळसांड झालेली असते. आणि हेळसांड म्हणून नोंदवलेल्या गोष्टींतील किती भाग पैशाच्या ओढाताणीचा असतो, हे घरात पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. एकटी आई रात्रपाळी करते आणि लहान मुलांना कडी लावून जाते; कागदावर ही ‘देखरेखीविना सोडलेली मुले’ होतात. तिला पालकत्वाच्या वर्गाला पाठवले तर ती बिचारी तोही वर्ग झोप मोडून करील, आणि रात्री कडी पुन्हा लागेल. तिला हवे असते रात्री मुलांजवळ थांबणारे एखादे विश्वासू माणूस, किंवा दिवसपाळी. २०१७ मधील एका अमेरिकी अभ्यासात किमान वेतन तासाला १ डॉलरने वाढले तेव्हा हेळसांडीच्या तक्रारी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या वाढीत कोणतीही गृहभेट नव्हती की समुपदेशन नव्हते.

तरीही आपली यंत्रणा पैसा सोडून बाकी सगळे द्यायला तयार असते. अमेरिकेने २०१८ मध्ये कायदा करून, पूर्वी मुख्यतः घराबाहेर ठेवलेल्या मुलांवर खर्च होणारा केंद्रीय निधी कुटुंब तुटण्याआधीच्या सेवांसाठीही मोकळा केला. पाऊल मोठे होते, पण त्या सेवा म्हणजे मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि पालकत्वाचे प्रशिक्षण. घरभाड्याला त्या यादीत जागा नव्हती. वास्तविक, केवळ आर्थिक दारिद्र्य हे मूल घराबाहेर काढण्याचे एकमेव कारण कधीही होऊ नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, कार्यकर्त्याला वरिष्ठांच्या सहीची वाट न पाहता खर्च करता येईल असा एक छोटा निधी पहिल्याच अंदाजपत्रकात मागून घे. पहिल्या भेटीत थकलेले वीजबिल मिटले, तर चौथ्या भेटीत तीच आई नवऱ्याच्या दारूबद्दल आपणहून बोलते. असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

गृहभेटींबद्दल तू मुद्दाम विचारले आहेस. डेव्हिड ओल्ड्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींकडे परिचारिका पाठवण्याचा जो प्रयोग केला, तो या क्षेत्रातला सर्वांत भरवशाचा दाखला मानला जातो. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच परिचारिकेने घरी जायचे, एवढीच त्याची साधी कल्पना. पंधरा वर्षांनी पाहिले तर भेटी मिळालेल्या मातांच्या नावावर अत्याचार व हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळजवळ निम्म्याच होत्या. मात्र ज्या घरांत जोडीदाराची मारहाण वारंवार होत होती, तिथे हा परिणाम दिसेनासा झाला. आईच्या सुरक्षिततेला हात न घालता बाळाच्या संगोपनाचे धडे दिले तर ते कुठे अडतात, हे याहून स्पष्टपणे कोणी दाखवलेले नाही. पुढे हाच कार्यक्रम इंग्लंडमध्ये नेला, तेव्हा २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्याच्या मुख्य उद्दिष्टांवर फरक पडल्याचे दिसले नाही. तिथे सर्वच मातांना दाई आणि आरोग्य परिचारिका आधीपासून मिळत होत्या, हे त्याचे एक मोठे कारण असावे. तेव्हा कोणताही कार्यक्रम जसाच्या तसा उचलण्याआधी, तुझ्या भागातल्या कुटुंबांना आज काय मिळते आणि काय मिळत नाही, याची नोंद करून घे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मदत घेऊन जाणारा माणूस आणि मूल काढून नेण्याचा अधिकार असलेले कार्यालय यांच्यात आपल्याला फरक दिसतो. दार उघडणाऱ्या आईला तो दिसत नाही. तुझे कार्यकर्ते चौकशी विभागाच्याच इमारतीत बसणार आणि त्याच संगणकावर नोंदी करणार असतील, तर ‘आम्ही फक्त मदतीसाठी आलो आहोत’ हे वाक्य त्यांना म्हणू देऊ नकोस. ते खरे नसते. कोणती गोष्ट दिसली तर आम्हाला ती वर कळवावीच लागेल आणि कोणती गोष्ट आपल्यातच राहील, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगितले तर काही दारे बंद होतील, हे मला मान्य आहे. पण जी उघडी राहतील ती खरोखर उघडी असतील. जागा वेगळी मिळवता आली तर उत्तमच.

दुसरा धोका याच्या नेमका उलटा असतो. निधी आटला की निकष कडक होतात आणि पाणी डोक्यावरून गेल्याशिवाय कुटुंबाला कोणी दारात उभे करत नाही. इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्यात गरजू मुलांच्या कुटुंबांना साहाय्य करण्याचे आणि धोक्यातील मुलांची चौकशी करण्याचे, अशी दोन्ही कर्तव्ये आहेत; पण चौकशी टाळता येत नाही आणि साहाय्याची व्याप्ती कमी-जास्त करता येते, म्हणून कात्री लागते ती साहाय्यालाच. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी तिथे उभारलेली ‘शुअर स्टार्ट’ केंद्रे २०१० पर्यंत साडेतीन हजारांवर पोहोचली होती, आणि त्यानंतरच्या काटकसरीत त्यांचीच वाताहत झाली. त्या केंद्रांमुळे मुलांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पुढे घटल्याचे हिशेब आले, ते बहुतेक केंद्रे आकसल्यानंतर.

एक पद्धत मात्र मनापासून सुचवतो. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायद्यानेच कौटुंबिक बैठक बसवली. आजी-आजोबा, मामा, काकू, जो कोणी त्या मुलाचा आहे त्याला बोलवायचे, अडचण उघडपणे सांगायची, आणि मग सरकारी माणसांनी खोलीबाहेर जायचे. तोडगा कुटुंबानेच काढायचा. अधिकाऱ्यांना बाहेर बसून राहणे किती जड जाते, ते तुला अनुभवाने कळेल! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत, न्यायालयाच्या उंबरठ्यावर आलेल्या ज्या कुटुंबांसाठी अशी बैठक सुचवली गेली, त्यांची ३६ टक्के मुले वर्षभरानंतर सरकारी देखरेखीत होती. इतरांची जवळपास ४५ टक्के. इतक्या उशिराच्या टप्प्यावरही एवढा फरक पडतो, तर तू ती तक्रारीनंतरच्या पहिल्या महिन्यातच का घेऊ नयेस?

हे सगळे लिहितो म्हणून मला मूल काढण्याच्याच विरुद्ध समजू नकोस. जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही त्याच्या अंगावर वळ दिसले, किंवा घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर तिथे तुझ्या विभागाचे काम नाही. त्याच दिवशी चौकशीकडे जायला हवे. आणि थांबून पाहण्यालाही मुलाच्या वयाची मर्यादा असते. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील अनाथालयांतल्या १३६ बालकांवर २००० नंतर सुरू झालेल्या प्रयोगात, ज्यांना साधारण दोन वर्षांच्या आत प्रतिपालक कुटुंब मिळाले त्यांचा बौद्धिक विकास आणि माणसांशी जुळणारे नाते नंतर गेलेल्यांपेक्षा बरेच सावरले. तो प्रयोग संस्थेतील वाढीबद्दलचा होता, वाईट घराबद्दलचा नव्हे. पण मोठ्यांची सुधारणा होईल या आशेवर तान्ह्या मुलाचे वर्ष खर्ची घालणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

मोजायचेच असेल तर हे मोज : त्याच कुटुंबाबद्दल वर्षभरात पुन्हा तक्रार आली का, अडचण आली तेव्हा कुटुंबाने आपणहून फोन केला का, आणि सुरुवातीला भेटलेला कार्यकर्ता शेवटपर्यंत टिकला का. तिसरा प्रश्न वरिष्ठांना आवडणार नाही, कारण त्याचे उत्तर पगारात आणि प्रत्येकाकडे दिलेल्या प्रकरणांच्या संख्येत दडलेले असते.

गृहभेटीच्या अर्जाचा मसुदा तयार करतो आहेस असे लिहिले आहेस. तो छापायला देण्याआधी मला पाठव. ‘कुटुंबाला स्वतःला काय हवे आहे’ हा रकाना त्यात कितव्या पानावर आहे, ते आधी पाहीन.

तुझा स्नेहांकित