डॉक्टर, तुम्ही ज्या पद्धतीने सांगितलंत त्यासाठी थँक्यू

डॉक्टर,

दवाखान्यात मागे रांग असते म्हणून मी दरवेळी घाईघाईत थँक्यू म्हणून निघते, मनातलं राहूनच जातं. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

मोठी लेक 12 वर्षांची असताना दुसऱ्या एका ठिकाणी एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसवरची लस पहिल्यांदा कानावर आली होती. "ऑप्शनल आहे, बघा, घ्यायची तर घ्या," एवढंच. आता आम्ही काय बघणार? घरी विषय निघाला, ऑप्शनल आहे ना मग राहू दे झालं, आणि चार वर्षं गेली.

तुम्ही धाकटीचं कार्ड हातात घेतलंत आणि सरळ म्हणालात, "11 पूर्ण झाली ना, मग आज धनुर्वाताचा बूस्टर आणि एचपीव्हीचा पहिला डोस. ही कॅन्सर टाळणारी लस आहे." बाकीच्या लसींसारखंच, एका दमात, आवाज न बदलता. त्या आवाजानेच माझी निम्मी भीती गेली, खरंच.

तरी मी विचारलंच, इतक्या लवकर कशाला, लहान आहे अजून. मला नेमकं काय खुपतंय ते मला बोलवत नव्हतं, ते तुम्हाला कळलं पण तुम्ही मला अवघडवलं नाहीत. हा व्हायरस इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, त्यात कुणाच्या वागण्याचा प्रश्न नाही, आणि त्याच्याशी गाठ पडायच्या आधी लस मिळाली तर सगळ्यात जास्त फायदा, शिवाय या वयात शरीर लसीला जास्त चांगला प्रतिसाद देतं म्हणून दोन डोसात भागतं, असं तुम्ही सांगितलंत. या व्हायरसचे 16 आणि 18 नंबरचे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरच्या मागे असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग ह्यांनी फोनवरून विचारलं की पुढे मूल व्हायला त्रास होतो म्हणे, मेसेज आलाय. तुम्ही त्यांचं पूर्ण ऐकून घेतलंत. लसीत जिवंत व्हायरस नसतोच, फक्त त्याच्या बाहेरच्या कवचासारखं प्रोटीन असतं, आणि मूल न होण्याशी तिचा संबंध दिसलेला नाही, उलट त्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटमुळे ती वेळ येऊ शकते, हे ऐकल्यावर तेच म्हणाले, देऊन टाका.

आणि हे सगळं माझ्या डोक्यावरून नाही, लेकीकडेही बघून सांगितलंत. तिने विचारलं दुखेल का, तर "हो, थोडा वेळ हात दुखेल" म्हणालात. खोटं नाही बोललात ना, म्हणून दुसऱ्या डोसला ती स्वतःहून आली. सिस्टरनी इंजेक्शननंतर 15 मिनिटं बसवून ठेवलं, चक्कर येऊ शकते म्हणून, त्यांनाही थँक्यू.

निघताना तुम्ही विचारलंत, घरी अजून कोण आहे. मोठीचं सांगताना मला रडू यायचं बाकी होतं. एका शब्दाने टोचलं नाहीत. "आता 15 च्या पुढे आहे म्हणून तीन डोस, पण उशीर झाला म्हणून सोडायचं नाही," बस. तिचा तिसरा गेल्या आठवड्यात झाला.

आणि मग माझ्याकडे वळून, "तुमची गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालीये?" मी 43 वर्षांची, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आलाय, फाईलला लावलाय, पुढच्या वेळी दाखवायला आणते.