पुढच्या खोलीचा रंग

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं आणि मी कोणती भाजी केली ते सांगत बसले. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तिला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नका.

मी जूनमध्ये बडोद्याला कायमची येत नाहीये. सही करून झाली आहे. पुढची दोन वर्षं मुंबईतच राहून नव्या मानसशास्त्रज्ञांना शिकवणार आहे. वर्गात नाही, रुग्णालयात: एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथे, वॉर्डात, ओपीडीच्या रांगेशेजारी. एचआयव्ही असलेली माणसं, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसं दवाखान्याची पायरी चढतात तेव्हा त्यांच्याशी कसं बोलायचं, काय विचारायचं नाही, आणि गप्प कधी बसायचं, हे.

लिहिताना डोळ्यांपुढून माझ्या क्लिनिकसाठी ठेवलेली पुढची खोली हलत नाही. दिवाळीनंतर तुम्ही तिला तो फिकट पिस्ता रंग दिलात. बाबा स्वतः शिडीवर चढले, हे मला आईने फार उशिरा सांगितलं. दाराबाहेर माझ्या पाटीसाठी दोन खिळे ठोकून ठेवलेत, त्यांचा फोटो आला तेव्हा मी लोकलमध्ये उभी होते. पाटी नसलेल्या त्या दोन खिळ्यांकडे बघून मला रडू आलं. सही त्याच्या आदल्या दिवशीच केली होती.

तुम्हाला वाटेल, बडोद्यात काय कमी पेशंट आहेत? घरच्या क्लिनिकमध्ये हेच करता आलं नसतं का? बाबा, मी महिनाभर स्वतःला हेच विचारत होते. पण क्लिनिकचं दार उघडून आत येणारा माणूस अर्धी लढाई जिंकून आलेला असतो. मला ज्यांची काळजी आहे ते तिथवर पोचतच नाहीत. ते ताप घेऊन, टीबी घेऊन, रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन सरकारी दवाखान्यात येतात. त्या घटकेला तिथे जो कोणी उभा असेल त्याच्या एका वाक्यावर ते थांबतात किंवा निघून जातात.

ते वाक्य मी एकदा चुकले आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. एम.फिल.चं पहिलं वर्ष होतं. वॉर्डात तापाने दाखल झालेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक बाई. शेजारी स्टुलावर तिचा दीर सफरचंद कापत बसलेला. मी फाइल उघडली आणि अगदी प्रेमाने विचारलं, "एआरटीच्या गोळ्या रोज घेता ना?" दिराचा हात थांबला. त्याला एआरटी म्हणजे काय ते ठाऊक होतं, फक्त ते आपल्या वहिनीचं आहे हे ठाऊक नव्हतं. ती माझ्यावर रागावली नाही. तिने फक्त पदर डोक्यावरून पुढे ओढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉट रिकामी होती. स्वतःच्या जबाबदारीवर सुट्टी घेऊन गेली, असं सिस्टर म्हणाल्या. औषधाची बाटली कपाटातच राहिली होती. तिचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

"फाइल उघडण्याआधी नातेवाईकाला चहाला पाठवायचं" हे एक वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात इतकं काही होतं, ते एक वाक्य नव्हतं.

आणि आई, त्या दिवशी मला दिनूकाका आठवले. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या आजोबांना जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला माहीत झालं होतं. मी तिसरीत होते, 1998. मागच्या खोलीतलं ते वेगळं ताट मला अजून दिसतं. तू रात्री सगळे झोपल्यावर ते ताट आपल्याच भांड्यांत घासून ठेवायचीस, मी पाहिलंय. मी कोणाला बोल लावत नाही. तेव्हा घरातल्यांना कोणी काही समजावलं नव्हतं आणि डॉक्टरांनाही बहुधा नाही. सरकारने एचआयव्हीची मोफत औषधं सुरू केली ती एप्रिल 2004 मध्ये, काका तोवर थांबले नाहीत. पण औषध नव्हतं तरी कॉरिडॉरऐवजी एक बंद खोली तर मिळाली असती. कॉरिडॉरमध्ये बोललं गेलं तिथून ते ताट सुरू झालं, असं मला वाटतं.

बाबा, समलिंगी माणसांबद्दल तुमचं म्हणणं मी ओळखून आहे. 2006 मध्ये राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, गावात त्यांचे पुतळे जाळले, तेव्हा तो पेपर तुम्ही घडी घालून गादीखाली ठेवला होतात. मी अकरावीत होते, गादी उचलून वाचला. हा माणूस आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला आणि एचआयव्ही रोखायचं काम करतो, एवढंच तेव्हा कळलं. तुम्ही मुलीला जपत होतात, हे आज कळतं. पण माझा जन्म 1990 चा, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढून टाकली. तरी आजही चांगले शिकलेले आईवडील मुलाला हाताला धरून आणतात आणि "याला बरं करून द्या" म्हणतात. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असल्या 'उपचारांना' डॉक्टरी गैरवर्तन ठरवलं. पण समोर बसलेल्या आईचे हात थरथरत असतात, तिला कलमं सांगून चालत नाही. तिच्याशी आणि तिच्या मुलाशी, दोघांशी, त्याच तासाभरात कसं बोलायचं हे शिकावंच लागतं.

कामही फार बारीक आहे, ऐका. केसपेपरवरचा पहिला प्रश्न "लग्न झालंय का?" असतो. आम्ही शिकवतो की आधी विचारा, "आजारपणात कोणाला बोलवायचं?" तीन वेळा "घरी कोणी नाही" सांगणाऱ्या एका माणसाने या प्रश्नावर पटकन एका मित्राचं नाव सांगितलं. अकरा वर्षं दोघं एकत्र राहत होते. दुसरं, आधारवरचं नाव भर रांगेत पुकारलं की ट्रान्सजेंडर बाई उठत नाही, उलटी फिरून निघून जाते आणि महिन्याभराची गोळी खिडकीतच राहते. तिला काय म्हणून हाक मारायची ते आधी हळूच विचारून घ्यायचं, एवढंच. आणि औषधांचंही कळायला हवं. एका मुलाला रोज भयंकर स्वप्नं पडायची. त्याच्या मानसशास्त्रज्ञाने सहा बैठका त्याच्या लहानपणात शोधाशोध केली. त्याच्या एआरटीच्या गोळीत इफाविरेन्झ नावाचं औषध होतं, आणि त्याने अशी स्वप्नं पडतात हे औषधं देणाऱ्या फार्मासिस्टला पाठ होतं. दोघं एकाच इमारतीत बसायचे, पण कधी एकमेकांशी बोललेच नव्हते. आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर या दुसऱ्या औषधाची, दिवसाला एकच गोळी मिळते. पण तिनेही कोणाकोणाची झोप उडते, ते विचारावं लागतं.

झोपेवरून आठवलं. बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झाली तो सप्टेंबर 2018. गणपतीच्या आधीचा आठवडा, आणि आपली मूर्ती समोरच्या बेनच्या मुलाने आणून दिली होती. मी आयसीयूबाहेरच्या बाकावर पेपर चाळत बसले होते. 6 तारखेला सुप्रीम कोर्टाने कलम 377 चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा, निकाल दिला होता, आणि 10 तारखेला एचआयव्हीचा कायदा लागू झाला, ज्यात संमतीशिवाय कोणाची तपासणी करायची नाही आणि कोणाचं सांगायचंही नाही असं लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं, कारण मला ती सफरचंदाची सुरी आठवली. तिसऱ्या दिवशी एक तरुण मुलगी तुमच्या खाटेशी आली आणि म्हणाली, "काका, झोप लागते का?" तुम्ही, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नाही, तिच्याशी वीस मिनिटं बोललात. आम्हाला तिने बाहेर पाठवलं होतं. काय बोललात ते मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. तशी एक मुलगी त्या बाईच्या खाटेशी असायला हवी होती, मी नको होते. मला तशा मुली आणि मुलं तयार करायची आहेत.

आई, तुझा प्रश्न: "तुला काही होणार नाही ना?" नाही गं. शेजारी बसून, हात धरून, त्यांच्या डब्यातलं खाऊन एचआयव्ही होत नाही. आणि गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, तो तसाच राहिला, की त्या माणसाच्या जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. बाबा, हे वाक्य गाळलं असेल तर परत मागे जाऊन वाचा.

पगार आधीपेक्षा कमी आहे, पण घरभाडं भागून उरतं. डबा चांगला मिळतो, चपात्या मऊ असतात, तूप मी वरून घालते. रविवारी बडोद्याचा लीलो चेवडो, तो ओलसर चिवडा, खावासा वाटतो, तो इथे मिळतो, पण आपल्यासारखा नाही. मागच्या आठवड्यात ताप होता तेव्हा झोपेत मला कमाटीबागेतली छोटी आगगाडी दिसली. आई, मी तुझ्या मांडीवर होते आणि तू माझ्या केसांना तेल लावत होतीस. जाग आल्यावर उशीला तेलाचा वास येतो का, ते हुंगून पाहिलं.

दर दोन महिन्यांनी आठवडाभर येणार आहे, तेवढी सुट्टी आधीच लिहून घेतली आहे. 2024 च्या पुरात दोन दिवस तुमचे फोन लागत नव्हते आणि मी इथे बसून विश्वामित्रीच्या पाण्याच्या बातम्या बघत होते, तसं पुन्हा होऊ देणार नाही. पावसाळ्याआधी घराची कागदपत्रं, औषधं आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर न्या. समोरच्या बेनकडे एक किल्ली द्या, त्यांनी स्वतःच मागितली आहे, संकोच करू नका.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. साखर महिन्यातून एकदा तपासायची आणि आकडा मला फोटो काढून पाठवायचा, तोंडी सांगितलेला चालणार नाही. आई, विळीवर बसणं बंद. ओट्याशी उभं राहून सुरीने चिर, गुडघे परत मिळत नाहीत. कपडे वाळत घालायला गच्चीत जायचं नाही, दांडी खाली बांधून घ्या, सुतार मी फोनवर ठरवते.

आणि ती पुढची खोली. कुलूप लावून ठेवू नका. बाबांचा पलंग तिथे हलवा, म्हणजे रात्री जिना चढायला नको. उजेडही चांगला आहे, पेपर वाचता येईल. खिळे मात्र काढू नका. मी 14 तारखेला सकाळी पोचते. पलंग हलवायला कोणाला तरी बोलवा, दोघांनी मिळून उचलायचा नाही.

तुमची,
मनू