जननदराच्या आकड्यात वय लपलेले असते

‘बायका शिकल्या, नोकरीला लागल्या आणि मुले कमी झाली’ हे वाक्य जननदराच्या, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी किती मुले या आकड्याच्या, बातम्यांत एका दमात म्हटले जाते. त्यात शिक्षण आणि नोकरी यांची उगाच मोट बांधली आहे. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीमागे सहाहून अधिक मुले होती, २००० च्या सुमारास दोनच्या आसपास. मधल्या काळात मुली शाळेत गेल्या, खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांतून गर्भनिरोधके पोचली. पगारी कामात मात्र पाचांत एक स्त्रीसुद्धा नव्हती.

दुसरा घोळ खुद्द आकड्याचा. एकूण जननदर काढताना १५ ते ४९ वयाचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात त्या वर्षी हजार स्त्रियांमागे किती जन्म झाले ते पाहतात. समजा हे दर २०, १२०, १३०, ८०, ३५, १२ आणि ३ आहेत. बेरीज ४००, प्रत्येक गट पाच वर्षांचा म्हणून गुणिले पाच म्हणजे २०००, भागिले हजार म्हणजे एका स्त्रीमागे २.० मुले. हा एका वर्षाचा काढलेला फोटो आहे. कोणत्याही खऱ्या स्त्रीचा आयुष्यभराचा हिशेब नव्हे. शिक्षण लांबले की पहिले मूल लांबते. बाळंतपणाचे सरासरी वय दरवर्षी ०.१ वर्षाने सरकत असेल, तर त्या वर्षीचे काही जन्म पुढे ढकलले जातात आणि तेवढ्यानेच दर साधारण दहा टक्के खाली दिसतो: २.० चा १.८. बायकांना शेवटी तितकीच मुले झाली तरीही!

उलटेही घडते. स्वीडनमध्ये पालकत्व रजेचा भत्ता आधीच्या पगारावर ठरतो. पुढचे मूल ठरावीक मुदतीत झाले, तर मधे कमी तास काम केले असले तरी जुनाच वरचा भत्ता कायम राहतो. ही मुदत १९८० मध्ये २४ महिने होती, १९८६ मध्ये ३० झाली. आईबापांनी दोन मुलांतले अंतर कमी केले, १९९० मध्ये दर २.१ वर गेला आणि दशक संपताना १.५ वर आला. त्या घसरणीत मंदीचाही हात होता, पण पुढचे जन्म आधीच उरकले गेले होते हेही खरेच. नोकरीच्या एका नियमाने आकडा असा वरखाली होत असेल, तर ‘नोकरीमुळे मुले नकोशी झाली’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शिक्षणनिहाय तक्त्यांतही सापळा आहे. २२ वर्षांच्या पदवीधर मुलीची तुलना चाळिशीतल्या निरक्षर बाईशी करून चालत नाही. वयोगट एकच हवा. शिवाय लवकर दिवस गेले म्हणून शाळा सुटली, असेही असते. म्हणून अशा बातम्यांसोबत ४५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना प्रत्यक्ष किती मुले झाली, तो आकडा शिक्षणाप्रमाणे वेगळा करून छापावा, ही विनंती.

– लोकसंख्याशास्त्राची एक अभ्यासक