काकू, तुम्ही माझ्या हातातली सुई काढून घेतली नाहीत म्हणून

प्रिय काकू,

तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, "बरं ते राहू दे, कडेचे खांब मोजलेस का" असं विचारता (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका), म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहितेय कारण जे तुम्ही मला शिकवलंत ते अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेल, जी कोणी आत्ता हातात क्रोशाची सुई आणि गुंतलेली लोकर घेऊन बसली असेल तिच्या.

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा तुमच्याकडे वर आले तेव्हा माझ्याकडे काय होतं? एक गडद निळा, केसाळ लोकरीचा तुकडा, पुठ्ठ्यासारखा कडक, आणि नाव काय तर त्रिकोणी स्कार्फ. घरात आजारी माणूस होतं, रात्र रात्र जागं राहावं लागायचं, आणि नुसतं बसून राहिलं की मनात नको नको ते यायचं, म्हणून हाताला काहीतरी हवं होतं. मी व्हिडिओ बघत होते, पॅटर्न वाचत होते, आणि तरी तीनदा उसवून झालं होतं. चौथ्यांदा उसवण्याऐवजी जिना चढून तुमच्याकडे आले.

तुम्ही तो तुकडा उजेडात धरलात, एक मिनिट बघितलंत आणि विचारलंत, "पॅटर्न कुठला आणि व्हिडिओ कुठला?" मला प्रश्नच कळला नव्हता. मग तुम्ही सांगितलंत की अमेरिकन पॅटर्नमध्ये ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये ट्रेबल म्हणतात, आणि ब्रिटिश लोकांचं डबल म्हणजे अमेरिकन सिंगल, म्हणजे आपला मुका खांब, खांबापेक्षा बुटका टाका. मी पॅटर्न अमेरिकन घेतला होता आणि टाका शिकले होते ब्रिटिश व्हिडिओवरून, म्हणून जिथे उंच खांब हवा तिथे सगळीकडे मुका खांब घातला होता, ओळी बुटक्या झाल्या, कापड कडक झालं आणि त्रिकोण उंच व्हायच्या ऐवजी नुसता पसरट होत गेला. तीन आठवडे मला वाटत होतं की माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. दोन देशांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ केलेत एवढंच होतं ते, आणि हे तुम्ही सांगितल्यावर मला खरंच रडायला आलं होतं.

पण मला आभार त्याचे नाही मानायचे, म्हणजे त्याचेही आहेतच, पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. मी तुम्हाला म्हंटलं होतं, "काकू, तुम्हीच सुरुवातीच्या दोन-चार ओळी घालून द्या ना, पुढचं मी करेन." आणि तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही स्वतःची सुई आणि स्वतःची लोकर घेतलीत आणि माझ्या शेजारी, समोर नाही, शेजारी बसलात, म्हणजे तुमचे हात मला माझ्याच बाजूने दिसत होते. तुम्ही तुमच्या लोकरीवर एक टाका घालायचा, मी माझ्या लोकरीवर एक. माझं चुकलं की तुमचा हात थांबायचा, पण माझ्याकडे यायचा नाही. त्या संध्याकाळी मला हे थोडं कठोरच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आता स्कार्फ गळ्यात आहे आणि त्यातला एकही टाका दुसऱ्या कोणाचा नाही, तेव्हा कळतंय तुम्ही काय दिलंत.

सगळ्यात आधी तुम्ही माझी लोकर बदलायला लावलीत. गडद आणि केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि जो टाका दिसत नाही तो शिकता येत नाही, असं म्हणालात. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर, आणि सुई ५ मिलीमीटरची, म्हणजे त्या लोकरीच्या लेबलवर लिहिली होती त्यापेक्षा एक नंबर मोठी, कारण स्कार्फ अंगावर पडायला हवा, ताठ उभा राहायला नको. धागा करंगळीला एकदा गुंडाळून मग पहिल्या बोटावरून घ्यायचा हे पण तेव्हाच शिकले. सुई पेन्सिलसारखी धरायची की सुरीसारखी हे मी किती वेळा विचारलं असेल, आणि तुम्ही दर वेळी एकच सांगितलंत की मनगट दुखत नाही ती पद्धत तुझी.

मग सुरुवात. सरकगाठ, ४ साखळ्या, आणि सुईपासून चौथ्या साखळीत २ खांब. सोडलेल्या ३ साखळ्या म्हणजे एक खांब धरायचा, असे झाले ३. बास, हे त्रिकोणाचं टोक. मला विश्वासच बसत नव्हता की एवढा मोठा स्कार्फ बोटाच्या पेरापेक्षा लहान गोष्टीपासून सुरू होतो. पुढच्या ओळीला काम उलटवायचं, ३ साखळ्या, त्याच पहिल्या टाक्यात अजून २ खांब, मधे प्रत्येक टाक्यात एक एक, आणि शेवटच्या टाक्यात ३. ओळ संपली. प्रत्येक ओळ हीच, फक्त मधलं अंतर वाढत जातं. दोन्ही कडांना दोन दोन म्हणजे दर ओळीला ४ खांब वाढतात, ३, ७, ११, १५, आणि तुम्ही मला ते पाढ्यासारखे म्हणायला लावले होते, दहाव्या ओळीत ३९ भरले पाहिजेत, नाही भरले तर पुढे जायचं नाही.

माझे भरायचे नाहीत. कधी ३९ च्या जागी ३७, कधी ३६, एक कड सरळ तर दुसरी वाकडी, आणि मला वाटायचं मी मोजण्यात चुकतेय. तेव्हा तुम्ही जे दाखवलंत ते मी कोणालाही क्रोशे शिकवताना पहिल्यांदा दाखवेन. ओळीच्या सुरुवातीला ज्या ३ साखळ्या घालतो त्या खांब म्हणून धरलेल्या असतात, पण त्या खांबासारख्या दिसत नाहीत, बारीक आणि एका बाजूला कललेल्या असतात, त्यामुळे पुढच्या ओळीत तिथे पोचल्यावर डोळा त्यांना टाका समजतच नाही आणि आपण एक टाका आधीच ओळ संपवतो. शेवटचे ३ खांब त्या साखळीच्या अगदी वरच्या डोक्यात घालायचे असतात. मी कधी घालत होते, कधी विसरत होते, म्हणून कड कधी सरळ कधी वाकडी. तुम्ही म्हणालात त्या साखळीत वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेव, प्रत्येक ओळीला, घातल्या घातल्या, म्हणजे परत येताना तो रंग हाक मारेल. एक लाल धागा आणि माझी आकडेमोड जमायला लागली!! सेफ्टी पिनपण चालते पण मला धागाच बरा वाटतो, टोचत नाही आणि हरवला तर दुसरा तोडता येतो.

आणि टाक्याचं डोकं ओळखायला शिकवलंत, वरून बघितलं की प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आडवी पडलेली एक वेणीची पाकळी दिसते, सुई त्या दोन्ही धाग्यांच्या खालून घालायची, एकाच्या नाही. हे एकदा दिसायला लागलं की मग पॅटर्न बघायची गरज कमी होत जाते कारण कापड स्वतःच सांगतं पुढे काय. मी बाराव्या ओळीला पॅटर्नचा कागद बाजूला ठेवला ते आठवतंय? तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त हसलात.

उसवण्याची भीती पण तुम्हीच घालवलीत. दोन सुयांच्या विणकामात सुई निसटली की ओळभर घरं मोकळी सुटतात, पण क्रोशामध्ये बहुतेक वेळा एकच फास जिवंत असतो, सुई पडली तरी काही बिघडत नाही, चुकीपर्यंत ओढायचं, फासात सुई घालायची आणि पुन्हा चालू. रात्री मधेच उठावं लागायचं तेव्हा मी तो एक फास लांब ओढून ठेवून जायचे आणि परत आल्यावर सगळं तिथेच असायचं. त्या दिवसांत घरातलं दुसरं काहीच असं जागेवर थांबत नव्हतं.

लोकरीचा हिशोब हा अजून एक. मी २८ ओळी झाल्या तेव्हा पळत वर आले होते की ४० पैकी २८ म्हणजे झालंच आता, आणि तुम्ही म्हणालात की अजून अर्धाही झाला नाही. मला पटेना, मग आपण दोघींनी कागदावर बेरीज केली, ४० ओळींचे मिळून ३२४० खांब आणि पहिल्या २८ ओळींचे फक्त १५९६. ओळी लांब होत जातात ना, शेवटची एकटी १५९ खांबांची. म्हणून ज्यांना एका गुंड्यात त्रिकोण होईल असं वाटतंय त्यांनी हे लक्षात ठेवा, शेवटच्या ओळीच लोकर खातात. पण याच कारणासाठी टोकापासून सुरू केलेला त्रिकोण नवीन माणसाला सगळ्यात सोपा, कारण तो कुठल्याही ओळीला थांबवता येतो. लोकर संपत आली की थांबा, त्रिकोण त्रिकोणच राहतो. मी तुमचं ऐकून ओळ घालायच्या आधी आणि नंतर गुंडा वजन करून बघायचे, म्हणजे एका ओळीला किती ग्रॅम लागतात ते कळतं, आणि पुढच्या ओळीला त्याहून थोडी जास्त आणि काठाला वेगळी राखून ठेवायची.

शेवटी लांब कडेवर मुक्या खांबांची एक ओळ घालायला लावलीत, ती पण सुई एक नंबर लहान घेऊन, नाहीतर ती कड वापरून वापरून सैल होते आणि लोंबते. मी तेव्हा कंटाळले होते, स्कार्फ झाला होता, घालायचा होता मला. तरी घातली. आता चार महिने झाले, कड आहे तशी आहे. टोकांचे धागे बोथट सुईने एकदा एका दिशेला आणि मग उलट्या दिशेला ओवून टाकायचे, वीतभर तरी धागा ठेवायचा, नुसती गाठ मारून कापायचं नाही. आणि धुवून, ओला असताना तिन्ही टोकं पिनांनी ताणून सपाट वाळवला तेव्हा तर मी ओळखलाच नाही माझा म्हणून, टाके असे उघडले होते. माझी लोकर खरी लोकर होती म्हणून पाण्यानेच जमलं, अ‍ॅक्रिलिक असेल तर नुसत्या पाण्याने तेवढा आकार धरत नाही आणि गरम इस्त्री तर टेकवायचीच नाही, कापड कायमचं लुळं पडतं.

आणि मग घालायचा कसा! मी गळ्यात गुंडाळून आले होते, सगळा चुरगळून हनुवटीखाली गोळा. तुम्ही तेव्हा पहिल्यांदा या स्कार्फला हात लावलात काकू, सगळं विणून झाल्यावर. लांब कड चार बोटं आत दुमडलीत, टोक पुढे छातीवर ठेवलंत, दोन्ही शेंडे, म्हणजे लांब कडेची दोन टोकं, मागे नेऊन मानेवर एकमेकांवरून घेऊन परत पुढे आणलेत आणि टोकाच्या खाली मोकळे सोडलेत. एवढंच. ती चार बोटांची दुमड हीच सगळी जादू, त्यामुळे तो गळ्याशी नीट बसतो आणि पुढे घडी छान पडते. मग खांद्यावर टोक मागे ठेवून पुढे पिन लावून दाखवलात, पिन टाक्यांच्या भोकातूनच जाते त्यामुळे धागा तुटत नाही. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो एका खांद्यावरचा, टोक एका दंडावर आणि शेंडे दुसऱ्या खांद्यावर सैल गाठीत. साध्या एकरंगी कपड्यांवर तो उठून दिसतो, भरगच्च डिझाइनवर टाके हरवतात. लोंबते कानातले मात्र त्या दिवशी नकोत, हमखास अडकतात.

घरातलं माणूस आता बरं आहे, तुम्हाला माहितीच आहे. मी त्यांच्या उशाशी बसून घातलेल्या ओळी कुठल्या आणि नंतरच्या कुठल्या हे मला स्कार्फ बघून अजून सांगता येतं, त्या रात्रींचे टाके घट्ट आहेत, बाविसाव्या ओळीपासून हात सैल झालाय. तुम्हाला ते दिसलं होतं आणि तुम्ही ते उसवून परत घाल म्हणाला नाहीत. त्याचेही आभार.

तुमच्यासाठी दुसरा घेतलाय करायला, फिकट राखाडी, आज ३५ खांब भरले, बरोबर भरले, लाल धागा जागेवर आहे. रविवारी वर घेऊन येते, माझ्या शेजारी बसाल ना?

तुमची,
खालच्या मजल्यावरची